लोखंड वगळून

२२ ऑक्टोबर, सकाळी ७
मशीन आलं. मेटल डिटेक्टर. हातात दांडा, कानाला हेडफोन. मी वेल्डिंगवाला, टेक्निकल माणूस, मला कोणी शिकवायला नको. गुरुदासची होडी आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली त्याला आज अठरा दिवस. धाकटा भाऊ माझा. एकटाच गेला होता, खलाशी तापाने आडवा. पण पोहण्यात आख्ख्या वाडीत पहिला नंबर. गळ्यात लग्नातली सोन्याची चेन, आंघोळीलाही काढत नाही. माझा हिशेब सरळ आहे. चेन किनाऱ्यावर मिळाली तर मानतो. नाही मिळाली तर माणूस आहे. कारवारला नाहीतर गुजरातला लागला असणार, मोबाइल भिजला असणार.

दुपारी १२
किनारा आहे की भंगारवाल्याचं गोदाम. खिळे, गळ, बाटल्यांची बुचं, अर्धी विळी. कान किटले. उद्यापासून लोखंड बंद. डिस्क्रिमिनेशन म्हणून एक बटण आहे, ते वर नेलं की मशीन लोखंडाकडे बघतच नाही. असं बटण मला लग्नातच मिळायला हवं होतं.

२४ ऑक्टोबर
बटण २० वर. तरी एक मोठा बोल्ट वाजलाच, फळीच्या तुकड्यासकट. फळी हिरवी. आमची होडी हिरवी, कबूल. पण आचऱ्यात निम्म्या होड्या हिरव्या. बोल्ट फेकला. बटण ३५.

२५ ऑक्टोबर
गुरुदासची बायको शेवंती आली. आत ये म्हटलं, आली नाही, पायरीवरच बसली. म्हणाली, भावोजी, तेंचे दिवस करूक होये, रोज कुकू लावतंय आणि आरशात बघूक धीर होणा नाय. त्याआधी होडी बुडाली असा पोलीस पाटलाकडे जबाब द्यायचा, थोरला म्हणून मी. भटजी म्हणतात, देह नसला तर दर्भाचा करून जाळायचा. माझा भाऊ गवताचा नाही. तिला सांगितलं, सायन्स चालू आहे, घाई नको. किनाऱ्यावर काय मिळाला ता दाखवा म्हणाली. दाखवण्यासारखं काही नाही म्हटलं. खोटं बोललो नाही. कचरा कोण दाखवतो?

२८ ऑक्टोबर
मॅन्युअल वाचलं. बटण फार वर नेलं तर बारीक सोनंही वगळलं जातं म्हणे. हे नवशिक्यांसाठी लिहितात. ६०.

३० ऑक्टोबर
७५. साडेतीन तास, आख्खा किनारा, एकदाही वाजलं नाही. उत्तम बातमी. घरी येऊन बायकोला, सुशीलाला सांगितलं, आता माझ्या मते नव्वद टक्के जिवंत. ती म्हणाली, जेवून घेवा.

१ नोव्हेंबर
संकल्प: रोज सहाला किनाऱ्यावर. आज साडेनऊ झाले. पाठ धरली आहे. झोपही नाही, पण तो चहाचा दोष. रात्री दोननंतर डोळा लागत नाही तर चहा कमी करावा.

४ नोव्हेंबर, सकाळ
शेवंती किनाऱ्यावर आली आणि मशीन मागितलं. सेटिंग बिघडेल म्हटलं. तिने ऐकलं नाही. बटण सरळ शून्यावर नेलं, हेडफोनची वायर उपटली. सहाव्या पावलाला मशीन बोंबलायला लागलं. गुडघ्यावर बसून हातांनीच उकरलं तिने. सुकाणूची लोखंडी पट्टी, लाकडाच्या तुकड्यासकट. वेल्डवर तुटलेली. सप्टेंबरात गुरुदास म्हणत होता, दादा, नवी पट्टी घाल. मी जुनीच जोडून दिली. ह्यो सीझन आरामात निघतलो म्हटलं. आपलं वेल्डिंग आपल्याला कळतं, आपल्या अक्षरासारखं. शेवंतीने विचारलं, ह्या काम कोणाचा? म्हटलं, आचऱ्यात अशा पट्ट्या ढिगाने. तिने पट्टी पदरात घेतली आणि गेली.

५ नोव्हेंबर
मशीनमध्ये फॉल्ट आहे. शून्यावर ठेवलं तर कुठलंही मशीन वाजेलच, त्यात काय. कंपनीला कडक मेल टाकणार. मजकूर जमत नाही. उद्या पाटलाने बोलावलंय. ओळखत नाही म्हणून सांगायचं, एवढंच. पक्कं.

६ नोव्हेंबर, दुपार
पोलीस पाटील सुदेशच्या टेबलावर ती पट्टी. बाजूला शेवंती. सुदेशने विचारलं, ओळखता का? मी म्हणालो, हो. हे माझं काम. एवढ्यावर थांबायचं होतं, थांबलो नाही. नवी पट्टी घाल म्हणून त्याने दोनदा सांगितलं होतं, मी घातली नाही, हेही बोलून गेलो. सुदेश म्हणाला, काका, हे लिहायची गरज नाही. शेवंती म्हणाली, लिवा.
त्याने लिहिलं. मी सही केली.
घरी आलो तर सुशीलाने विहिरीचं थंड पाणी काढून न्हाणीत ठेवलं होतं. गुरुदासच्या नावाने आंघोळ केली.