साडेआठ फॅटचा गेम

१२ एप्रिल २०१९, शुक्रवार

शून्य पॉइंट नऊ! याच्याखाली जायला जागाच न्हाई म्हणून एवढी तरी. ट्रक चालवायचा गेम म्हणे. वळवला की ट्रक ढगात जातो. ब्रेक दाबला की जाहिरात. जाहिरात बंद केली की दुसरी जाहिरात. अरे, गेम बनवणाऱ्याला एकदा केजवरून धारूरला काळी-पिवळीच्या मागच्या दांडीला लटकवून न्या, मग कळंल रस्ता काय असतो!

व्हिडिओत हेच बोललो. शेवटी "दूध परत!" म्हणून रिकामं कॅन उपडं केलं. पोरान्ला तेच लई आवडतं. ऊसतोडीच्या टोळीवर गेलेली पोरं फडात बसून बघतात आन् फोन करतात — उत्तरेश्वरदादा, आज कुणाची काढली?

सकाळी सोसायटीच्या डेअरीत गावाच्या दुधाला फॅट लावायची, दुपारी गेमला. गावाच्या शिव्या सकाळीच खाऊन होतात, मग दुपारी द्यायला मी मोकळा. चॅनलचं नावच 'फॅट किती?' आपला कायदा सरळ हाय. साडेतीनच्या खाली — दूध परत. सहा म्हणजे चांगली म्हैस. आन् आठच्या वर गेली की समजायचं, कुणीतरी तेल घातलंय. ते बी परत.

तुळजानं व्हिडिओ कापून चढवला. माझे "अं... अं..." सगळे काढती ती. मी बोलून उठतो, रेकॉर्डिंग बंद करण्यापासून पुढचं सगळं तिच्याकडं. बायको म्हणून तक्रार न्हाई. फार बोलत न्हाई ते एक बरं हाय.

१५ एप्रिल

भिवराबाईच्या म्हशीला आठ पॉइंट आठ! दुष्काळात! सरळ परत केलं. बाईनं डेअरी डोक्यावर घेतली. "मुडद्या, जनावराला पेंड न्हाई, पानी न्हाई, दूध आटलं म्हनून घट्ट आलं! घरात फोडणीला तेल न्हाई, ते तुझ्या दुधात घालू व्हय?"

सेक्रेटरी मोहनराव म्हणाले, घे रे बाबा, अशा दिवसांत लागती एवढी. न्हाई घेतलं. आज तिचं घेतलं तर उद्या सगळं गाव तेलाची बाटली घेऊन येतंय. सगळे चोर हायत.

२० एप्रिल

शेतीचा गेम. बी टाकलं की कणीस, विहिरीवर बोट ठेवलं की पाणी. शेतकऱ्याच्या गालावर लाली! गाई हसतायत! आमच्या दोन्ही गाई सोसायटीच्या चारा छावणीत उसाचं वाढं चघळतायत, हसायचं सोडा, शेपूट हलवत न्हाईत. २.१.

क्रिकेटचा पण बघितला. बॉल बॅटीला लागायच्या आधीच लोक टाळ्या वाजवतात. ३.३. परत.

२२ एप्रिल

भुताचा गेम. भूत चांगलं, बाकी सगळं भिकार. ४.०. मधीच लाईट गेली तवा मी ओरडलो, ते तुळजानं कापलं.

२८ एप्रिल, रविवार

आज लई हसलो.

तुळजा म्हणाली, "एक गेम हाय. फॅट लावता का?" कुणाचा म्हटलं. "माझा."

आईला हाक मारून सांगितलं — आई, तुझ्या सुनेनं गेम बनवला! आई हसली न्हाई. आईला आधीच माहीत होतं! दोघींचं ठरलंय सगळं. तुळजाचं अंबाजोगाईला बीसीएचं तिसरं वर्ष राहिलंय, लग्नामुळं सुटलेलं. तिला जूनमध्ये परत नाव घालायचंय. आईनं तिला काय सांगितलं असंल? "उत्तरेश्वर खोटी फॅट लावत न्हाई. सख्ख्या मामाचं दूध परत केलंय त्यानं. त्यानं तुझा खेळ पास केला तर खुशाल जा, घरचं मी बघते. न्हाई केला तर पुन्हा नाव काढू नको."

म्हणजे हायकोर्ट मी! मला न विचारता!

मी म्हटलं, बघू. तुळजा म्हणाली, "हसून झालं की लावा. ओळखीची लावू नका."

दोन वर्षं मी डेअरीत गेलो की ही बया माझ्याच कॉम्प्युटरवर शिकत होती. माझ्या नेटवर. आन् मी दर म्हैन्याला कंपनीला शिव्या घालतोय, नेट लवकर संपतं म्हणून.

२९ एप्रिल

खेळलो न्हाई. वेळ न्हाई.

१ मे

वेळ न्हाई म्हटलं ना! आई दोनदा विचारून गेली.

३ मे

खेळलो.

नाव 'नंबर'. टँकर यायचाय. विहिरीपाशी हंड्यांची रांग. आपला हंडा रांगेत ठेवायचा आन् घरी पळायचं. तव्यावर भाकर करपती, शेरडू सुटतं, सासू हाक मारती. सगळं सांभाळून टँकरचा हॉर्न वाजायच्या आत परत यायचं. उशीर झाला की कुणीतरी तुमचा हंडा मागं सरकवलेला असतो. बास, एवढंच! बंदूक न्हाई, गाडी न्हाई. म्हटलं पाच मिनिटांत फेकून देतो.

चहा गार झाला. दुसरा आणून दिला तो पण गार झाला.

शेजारणीशी गोड राहिलं तर ती आपला हंडा पुढं ढकलती. भांडलं तर पालथा घालती. हे कुठं लिहिलेलं न्हाई, खेळता खेळता आपलं आपल्याला कळतं. सासूचा आवाज तर आईचाच! "तुळजेऽ, कुठं मेलीस गंऽ!" चोरून घेतलाय. तिसऱ्या पातळीला टँकर येतो आन् रिकामा असतो. मी फोन आपटणार होतो. आपटला न्हाई, परत रांगेत उभा राहिलो.

एक गोष्ट खटकली. घर हाय, सासू हाय, शेरडू हाय, नवरा कुठंच न्हाई. विचारलं. म्हणाली, "असतो की घरात. पन गेमात त्याचं काय कामच पडलं न्हाई." आन् निघून गेली धुणं घेऊन. टोमणा बिमणा काही न्हाई, जसं मीठ संपलं म्हणून सांगावं तसं. लई लागलं मला ते.

हितं लिहितो, हितं कोण बघतंय. साडेआठ. एवढी मी आजवर कशालाच लावली न्हाई. बाहेरच्या देशातल्या गेमला न्हाई, ज्याच्या मागं शंभर माणसं बसलेली असतात.

४ मे

साडेआठ लागतच नसती. डोकं ठिकाणावर आलं. आठच्या वर म्हणजे तेल. कुणीतरी बनवून दिलाय तिला. कोण? आसाराम! दिवाळीत कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलता तवा दुपारभर बसलता. तरी म्हटलं साधी वायर बदलायला एवढा वेळ कावून लागला!

६ मे, सोमवार

केजला गेलो. आसाराम तहसीलसमोरच्या त्याच्या दुकानात झेरॉक्स काढत होता. शाळेपासूनचा मित्र, म्हणून सरळ विचारलं — बे, माझ्या बायकोला गेम तू बनवून दिलास का?

त्यानं मशीनचं झाकण आपटलं. "बे उत्तरेश्वर, मला गेम बनवता आला असता तर मी हितं लोकांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत बसलो असतो का?"

मग दुपारभर काय करत होतास, म्हटलं.

"शिकत होतो बे! वहिनी शिकवत होत्या. मला ओ का ठो कळलं न्हाई ते सोड. तुला म्हणून सांगतो, लई हुशार बाई हाय. तुला कधी दिसलं न्हाई का?"

अर्धा चहा तसाच टाकून उठलो. येताना जीपमध्ये एका म्हाताऱ्याशी खिडकीवरून भांडलो. त्याची काही चूक नव्हती.

म्हणजे तेल न्हाई. म्हणजे तिचंच हाय. मग तर जास्तच राग आला मला. का आला ते ठावं हाय, पन लिहीत न्हाई.

८ मे

आज तोंडावर विचारलं. गेमात मदत कुणाची? आसारामनं सांगितलेलं माहीत असून विचारलं.

ती भाकरी थापत होती. थापता थापता वर बघितलं. "भेसळ म्हनता व्हय?"

एवढी फॅट लागत नसती, म्हटलं.

"किती लागली?"

साडेआठ तोंडातून निघालंच होतं. गिळलं. "व्हिडिओत कळंल."

"बरं," म्हणाली. भाकर उलथली. चुलीचा धूर माझ्याच डोळ्यांत आला, तिच्या न्हाई.

१० मे

टोळीवरची पोरं गावात परत आलीत. पारावर सगळ्यांचं एकच — दादा, वहिनीच्या गेमाला किती? गावभर झालंय! एक मुंजाजी म्हणून वात्रट पोरगं हाय, ते म्हणालं, "दादा पास करायला लागतंय, न्हाईतर भाकर कोण घालंल?" सगळे फिदीफिदी हसले. असं हाय तर! म्हणजे पास केलं तर बायकोला भ्यालो. मामाचं दूध परत करणारा मी, माझी एवढ्या वर्षांची पत एका गेमावर घालवू व्हय?

आन् ती अंबाजोगाईला गेली तर व्हिडिओ कोण कापणार? माझे "अं... अं..." सगळ्या जगानं ऐकायचे?

१४ मे, मंगळवार

करून टाकला एकदाचा.

तुळजाचाच फोन लावला स्टँडला, तिचा कॅमेरा चांगला हाय. तिला म्हटलं, आज तू समोर नको, मला बोलायला सुधरत न्हाई. टँकर आलताच, ती हंडे घेऊन गेली.

बोललो. मस्त बोललो! "मित्रांनो, बनवणारी घरचीच हाय. पन आपल्याकडं घरच्या म्हशीला वेगळं मशीन न्हाई." काय वाक्य! मग सांगितलं — कंटाळवाणा हाय, रांगेत उभं राहायला गेम कशाला पाहिजे, ते आपण फुकट करतोय. दोन मिनिटांत कुणीही फेकून देईल. शिवाय मला तर भेसळ वाटती, एकट्या बाईचं काम दिसत न्हाई. तीन पॉइंट एक. दूध परत! कॅन असं उपडं केलं की कोपऱ्यात गडगडत गेलं.

मग बसलो. शेवटची पातळी तपासायची राहिली होती, टेस्टर म्हणून तपासायला पाहिजे, तेवढी तपासली. आई जेवायला बोलवत होती. तुळजा आली तवा तिच्या फोनची बॅटरी मेलती. तिनं चार्जिंगला लावला.

१५ मे

दुपारभर कापत बसलती. कानात हेडफोन. मी पेपर धरून तिच्या तोंडाकडं बघत होतो. रडंल वाटलं, भांडंल वाटलं. काही न्हाई! एकदा हसली. कावून हसलीस म्हटलं तर, "आवाज चांगला आलाय."

संध्याकाळी मी डेअरीत असताना चढवला तिनं. आईला म्हटलं, नापास हाय. आई म्हणाली, "बघते की मी माझ्या डोळ्यानं."

१६ मे

डेअरीत पाय ठेवला तर सगळे हसतायत. मोहनराव सेक्रेटरी खुर्चीवरून पडायचे राहिले. मुंजाजीनं फोन समोर धरला.

"दूध परत!" म्हणून व्हिडिओ संपतच न्हाई. कॅन गडगडतंय, आन् मी खाली बसून 'नंबर' खेळतोय. खेळतोय, खेळतोय! मांडीवर थापा मारतोय. "आरारारा! वा गं माझी वाघीण, काय बनवलंय!" — मी! माझा आवाज! आई ताट घेऊन दारात, जेव म्हणती. आन् मी वर न बघता — "थांब गं आई, माझा नंबर जाईल!"

घरी आलो. आई म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, पन ताटावर न येनारं पोरगं कळतंय. जून लागला की जा गं तुळजे."

तुळजावर ओरडलो, व्हिडिओत भेसळ केलीस तू!

"मी त्यात काहीच घातलं न्हाई," म्हणाली. "नुसतं कापलं न्हाई."