शेऱ्याचा रकाना

पुलाऊ तिकुस, पिनांग
मंगळवार, १७ जून

चि. सिरिल यास,

गेल्या शनिवारी, १४ जून रोजी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, कॉन्व्हेंटच्या माजी विद्यार्थिनींच्या वार्षिक जेवणात, सूप वाढायच्या आधी, तुझ्यामुळे माझी अब्रू गेली. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहून सांगते आहे, कारण त्या क्षणी मला दुसरीकडे कुठेच बघता येत नव्हतं. असो. भावजयबाई मेव्हिसचा गुडघा कसा आहे? पर्थला थंडी पडली असेल, तिला लोकरीचे मोजे घालायला सांग. तुझी प्रकृती उत्तम असावी अशी मी प्रार्थना करते, म्हणजे पुढचं सगळं तुला नीट सोसेल. मी ठणठणीत आहे. रक्तदाब मोजलेला नाही. मोजला तर तोही तुझ्याच नावावर मांडावा लागेल.

तुझ्या-माझ्याशिवाय या घराण्यात कुणाला संगणकातलं कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माजी मुलींची यादी मी सत्तावीस वर्षं सांभाळते आहे. चारशे बारा मुली (सर्वांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची), एकीची एक ओळ, साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये. नाव, शाळा सोडल्याचं वर्ष, टेबल, पथ्य आणि शेवटी शेरा. मध्ये दोन टिंबांची खूण. बस्स. ना चित्रं, ना रंग, ना दर महिन्याला नवा पासवर्ड. काळ्या पडद्यावर ग्रेप, म्हणजे शोध, म्हटलं की हवी ती बाई समोर, सॉर्ट म्हटलं की सगळ्या शाळेतल्यासारख्या रांगेत. विद्यापीठाच्या संगणक कक्षात मी एकतीस वर्षं काढली ती उगाच नाही. पण आमच्या समितीत रोझलिंड खू नावाची एक नवी चिटणीस आली आहे. तिला रंगीत चौकटींचा तक्ता हवा, तोही फोनवर, तोही सगळ्यांना उघडता येईल असा. मार्चच्या बैठकीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बर्नाडेट, तू दमलीस गं. आता यादी माझ्याकडे दे आणि तू नुसती जेवायला ये." नुसती जेवायला! सिस्टर झेवियरने स्वतःच्या हाताने ज्या मुलीकडे हजेरीपट दिला होता, तिने नुसतं जेवायला यायचं! मी सांगितलं, यंदाचं जेवण माझ्या यादीवर होऊ दे. एक जरी चूक निघाली तर यादी तुझी. (हे मी सर्वांसमक्ष म्हणाले. इतिवृत्तात आहे.)

आता शेऱ्याबद्दल. तो रकाना खाजगी आहे. कुणाला कुणाशेजारी बसवू नये हे ठरवायला काहीतरी आठवण ठेवावी लागते, आणि माझी आठवण थोडक्यात असते. तो कधीच छापला जात नाही. जेवणाच्या कार्डावर वर नाव आणि खाली पथ्य, म्हणजे वाढणाऱ्याला कळावं की पुआन झलेहाला डुक्कर नको आणि इंद्राणीला गोमांस नको. ऑक नावाच्या प्रोग्रॅमला सांगायचं, पहिला आणि चौथा रकाना छाप, की तो छापतो. त्या बिचाऱ्याला वाचता येत नाही, फक्त खुणा मोजता येतात. म्हणून जिला काहीच पथ्य नाही, तिची जागासुद्धा रिकामी राखावी लागते, दोन्ही बाजूंना खूण ठेवून. अशा ठिकाणी दोन खुणा एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि फार गबाळ्या दिसतात. सिरिल, तुला एप्रिलमधला फोन आठवतो? लागोपाठ आलेल्या खुणांची एकच कशी करायची, ती आज्ञेची ओळ तू मला सांगितलीस. मी ती चालवली. फाइल इतकी नीटनेटकी दिसायला लागली की मी एक कॉफी जास्त प्यायले.

झालं काय, ते तुला कळलंच असेल. जिथे पथ्य रिकामं होतं तिथली रिकामी जागाच गेली, आणि शेरा एक पायरी वर येऊन चौथ्या जागी बसला. या वयात काहीच पथ्य नाही अशा बायका जेवायला आलेल्या एकशे सोळात एकोणीसच निघाल्या. मी पहिली दहा कार्डं तपासली होती. दहाही मधुमेहाच्या.

तर बारा चाळीसला सगळ्यांनी चष्मे लावून कार्डं उचलली. मार्जोरी डँकरच्या कार्डावर होतं, "केकचे दोन तुकडे पर्समध्ये जातात." तिच्या शेजारणीच्या, "वय सासष्ट सांगते. माझ्या वर्गात होती." सहाव्या टेबलावरच्या दोघी जुळ्या बहिणींच्या कार्डांवर एकच शेरा होता, "दुसरी बरी." आणि आमची अध्यक्ष, दातिन हा किताब मिरवणारी ग्वेंडोलिन, जी सुपानंतर शाळेचं गीत म्हणणार होती, तिच्या कार्डावर, "गाते. गाऊ देऊ नये."

मला वाटलं, आता वीज पडेल. तर मार्जोरीने काय करावं? पर्स उघडून आत ठेवलेला प्लास्टिकचा डबा सगळ्यांना दाखवला आणि हसत सुटली. मग जी ती दुसरीचं कार्ड ओढायला लागली. जुळ्या एकमेकींना "बरी, बरी" म्हणून हाका मारत होत्या. डेव्हिल करी गार होत होती, वाढणारे भिंतीला टेकून उभे. सगळ्यात कहर म्हणजे, ज्यांच्या कार्डावर नुसतं "साखर नको" वगैरे पथ्य होतं, त्या सत्त्याण्णव जणी माझ्याभोवती गोळा झाल्या. पुआन झलेहा तर रुसलीच. म्हणाली, "पन्नास वर्षांची ओळख, आणि माझ्याबद्दल तुला सांगण्यासारखं फक्त डुक्कर?" मी तिला जागेवरच एक शेरा लिहून दिला. तो तिने ओढणीला टाचला.

हसली नाही ती एकटी दातिन. ती उठली, आणि गीताची पाचही कडवी म्हणाली, माझ्याकडे बघत. (शेरा खरा होता हे सगळ्यांना पटलं, पण त्याने माझी बाजू बळकट झाली नाही.) मग रोझलिंडने माईक घेऊन गोड आवाजात जाहीर केलं की सोमवारी तातडीची बैठक होईल आणि यादी कुणाकडे राहावी ते ठरेल. म्हणजे सत्तावीस वर्षं एका दुपारी गेली, आणि कशामुळे, तर तुझ्या एका ओळीमुळे. याचा लेखी खुलासा मला हवा आहे. फोन करू नकोस. फोनवर तू विनोद करतोस.

तुझी थोरली बहीण,
बर्नाडेट थेसेरा

ता. क. प्रामाणिकपणे सांगायचं तर, एप्रिलमध्ये तू ती ओळ प्रार्थनांच्या कागदावरच्या जास्तीच्या मोकळ्या जागा घालवायला दिली होतीस. मोकळ्या जागेऐवजी दोन टिंबं मी घातली. तांत्रिक बाब आहे, समितीला कळणार नाही.

ता. क. २. कालची बैठक झाली. तिथे मी तुझं माफीपत्र वाचून दाखवलं. (तू लिहिलं असतंस, फक्त वेळ कमी होता.) त्यात तू कबूल केलं आहेस की मागे सुट्टीला आला असताना सगळे शेरे तूच माझ्या फाइलमध्ये गंमत म्हणून घातलेस. दातिनच्या शेऱ्याला मात्र कारण द्यावं लागलं, म्हणून तू असंही लिहिलं आहेस की तरुणपणी तुझं तिच्यावर मन होतं, आणि तिचा आवाज कानावर पडला की अजून तुला सहन होत नाही. दातिनने रुमाल काढला. यादीचा निर्णय २८ तारखेपर्यंत पुढे गेला तो यामुळेच. रोझलिंड म्हणाली, सहीचं मूळ पत्र दाखवा, मग बघू. सोबत मजकूर जोडला आहे. एक शब्द बदलू नकोस, तिने उतरवून घेतला आहे.

ता. क. ३. दातिन ऑगस्टमध्ये मुलाकडे पर्थला येते आहे. तुझा पत्ता तिने मागितला, आणि नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मेव्हिसला काय सांगायचं ते तू ठरव, त्याला ऑगस्टपर्यंत वेळ आहे. सहीला नाही. शुक्रवार, २७ जून, संध्याकाळी पाचच्या आत पत्र माझ्या हातात पडलं पाहिजे, शाईने लिहिलेलं.