मॉनिटरशेजारी लावलेला फोटो

अण्णा, काल दुकानातला तो जुना, पोट सुटलेला मॉनिटर भंगारवाल्याला दिला. कित्येक वर्षं माळ्यावर धूळ खात पडला होता. त्याच्या कडेला तुम्ही चिकटपट्टीने लावलेला माझा फोटो तेवढा काढून घेतला. तो हातात घेतला आणि तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला, म्हणून लिहायला बसले.

साताऱ्यात तेव्हा फोटोसाठी कॉम्प्युटर घेतलेले स्टुडिओ बोटांवर मोजण्याइतके होते. तुम्ही हौसेने घेतलात आणि कॉलेज संपताच मला त्याच्यासमोर बसवलंत. पण पडद्यावर दिसणारा रंग कागदावर उतरेचना. पडद्यावर गुलाबी असलेला शालू छापला की विटकरी व्हायचा. मग एका सकाळी तुम्ही मला दुकानाच्या दारात, साध्या उजेडात उभं केलंत, हातात राखाडी पुठ्ठा दिलात आणि फोटो काढलात. माझ्या गालाशी धरधरून पारखलेली त्याची प्रिंट मॉनिटरशेजारी लावलीत. रोज सकाळी मॉनिटर चांगला तापला की दाराचा पडदा ओढायचा, तोच फोटो पडद्यावर उघडायचा आणि पुठ्ठा ना निळा ना तांबूस दिसेपर्यंत, माझा सावळा गाल प्रिंटवर आणि पडद्यावर सारखा होईपर्यंत बटणं फिरवत बसायचं. गिऱ्हाइकाच्या फोटोला हात त्यानंतर. माझ्या लाल ओढणीची झाक काचेवर पडते म्हणून तुम्ही मला राखाडी स्वेटर आणलात. आई करवादली, "आवं, लग्नाच्या पोरीला ह्यो कसला राखंचा रंग?" तुम्ही हसत म्हणालात, "आसू दे की. हिच्या रंगावर तर दुकान चाललंय आपलं." लहानपणापासून तोंडाला साय-हळद फासून घेतलेल्या मुलीला हे वाक्य किती दिवस पुरलं, याची तुम्हांला कल्पना नव्हती.

आटपाडीकडचे ते दोघे भाऊ आठवतात का? त्यांची आई वारली होती आणि तिच्या एका लहानशा फोटोवरून भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. आपल्या धंद्यात नवरी काय आणि म्हातारी काय, चेहरा जरा उजळ करून द्यायची रीतच. मीही सवयीने केला. थोरला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, फोटो लय झ्याक हाय. पर ही आमची आई न्हाई." मी म्हटलं, मशीनमुळे तसं आलं असेल. तुम्ही आतून आलात आणि प्रिंट त्यांच्यादेखत फाडलीत. "मशीनवर ढकलू नगंस. आई पुसलीस तू ह्यांची. आता पोरांनी हार कुणाला घालायचा?" मी रडले, पण ते मला पटलं होतं. पुन्हा कुणाचा चेहरा मी उजळला नाही.

आणि मग सांगलीचे लोक मला बघायला आले. माझा फोटो त्यांना तुम्हीच पाठवला होता. मुलाच्या आत्याने तो पिशवीतून काढून माझ्या तोंडाशेजारी धरला, तुम्ही प्रिंट पडद्याशी धरायचात अगदी तसा. मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गोरीपान होते मी त्यात. "फोटोत पोरगी उजळ दिसत हुती की वं," आत्या म्हणाली. मी तुमच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता तुम्ही म्हणाल, माझ्या पोरीचा रंग हाच. तुम्ही खाली बघून म्हणालात, "मशीनमुळं जरा फिकट आलाय." त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गेले. कळवतो म्हणाले होते, कळवलं नाही. नकाराचं दुःख मला फारसं झालं नाही. तुमच्या त्या वाक्याचं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी माझ्याच फोटोवर बटणं फिरवत होतात. मी स्वेटर घातला नव्हता. लाल ओढणी घेऊनच बसले. पुढे माझं लग्न गावातच झालं, पण फोटो न पाठवता, आणि दुकान काही सुटलं नाही.

मग तुमची कावीळ. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलात, त्यामुळे तुमचा धड एक फोटो नव्हता. तुम्हीच एक दिवस भिंत धरत दुकानात येऊन स्टुलावर बसलात. "काढ माजा. मागनं पळापळ नगं." मी काढला. पंधरवडाही गेला नाही, तोच त्याची गरज पडली. त्या दिवशीही मी आधी मॉनिटर तापवला, पडदा ओढला, माझा गाल जुळवून घेतला. मग तुमचा चेहरा उघडला. डोळे पिवळे, गाल पिवळे. मॉनिटरची चूक नव्हती, रंग खराच होता. मी तो पिवळेपणा थोडा थोडा उतरवत गेले आणि तुम्ही बरे होत गेलात. काका फोटो बघून म्हणाले, "आगदी धडधाकट हुता तवाचा दादा." माझा फोटो करताना तुमचा हात का वळला असेल, ते मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून राग गेला, असं मात्र नाही.

तुमच्या तिथीला हार मीच घालते. आधी घालताना मी डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे स्टुलावर बसलेले तुम्ही दिसायचात, पिवळे, थकलेले, माझे. हल्ली डोळे मिटले तरी फोटोतलेच दिसता.