मुद्दाम घातलेली खरखर

३ फेब्रु., मंगळ.
पुण्याहून तिसरा मेल. अल्बम काढणारा तो माणूस म्हणतो, "सातही ट्रॅक चांगले, पण अल्बम वाटत नाही. सात जणांनी सात गावांत केल्यासारखे." १६ पर्यंत मुदत. डोकं सटकलं. परत वाचलं. बरोबर आहे लेकाचं.
तीन वर्षं सकाळी लवकर उठून लॅपटॉपवर बीट जोडतोय, दिवसभर सेतू केंद्रात लोकांचे सरकारी फॉर्म भरतोय, अन् झाली काय, तर खिचडी. तीही कच्ची.

५, गुरु.
सापडलं! माळ्यावर अप्पांच्या दुकानातल्या कॅसेटी. गेवराईला स्टँडसमोर कॅसेट भरून द्यायचे अप्पा. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचे, अप्पा ती साठ मिनिटांत बसवायचे. मी काउंटरखाली पोत्यावर झोपायचो. एक लावून बघितली. गाणं सुरू व्हायच्या आधीची नुसती खरखर ऐकली अन् गलबलून आलं.
तीच खरखर लॅपटॉपवर घेतली, सातही ट्रॅकखाली अंथरली. एकदम एका घरातली पोरं वाटायला लागली! इतके दिवस झक मारत होतो.

६, शुक्र.
उत्साहात अप्पांना सांगून बसलो. गाढव मी.
"खरखर? मुद्दाम घातली? कावून?"
"जुन्या दिवसांची आठवण म्हणून, अप्पा…"
"आरं, ती जावी म्हणून वीस वर्षं स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचे हेड पुसले मी. गिऱ्हाईक म्हणायचं, गेवराईत साफ आवाज ह्याच दुकानात. अन् तू ती घाण ताटात वाढतो व्हय?"
नीट जेवले नाहीत. आई माझ्याकडं अशी बघत होती, जसा काही मी कुणाचा खून केला.
चिडलोय. त्यांना काय कळतं इलेक्ट्रॉनिक संगीतातलं? पण आवाजातलं कळतं, माझ्यापेक्षा जास्त. तेच तर झोंबतंय.

९, सोम.
खरखर काढून बघितली. परत सात गावं. परत घातली. परत काढली. सेतूत एका बाईचं नाव दोनदा चुकवलं, तिनं सगळ्यांसमोर झापलं. चैन नाही जिवाला.

१२, गुरु.
ठेवली शेवटी. उलट वाढवलीच. म्हटलं, अप्पा काय ऐकणार आहेत थोडेच!
तर सकाळी आपणहून आले. "आण ते कानाला." हेडफोन लावून बेचाळीस मिनिटं मांडी न मोडता बसले. मी नखं खात.
मग म्हणाले, "तिसरं पयलं कर. गिऱ्हाईक टेकत न्हाई तवर जोरातलं वाजवू न्हाई. अन् ते संथ शेवटाला. घरी जाताना माणूस गुणगुणला पायजे."
तसं लावलं. काय वाहायला लागलं सगळं! पुणेवाल्याला तीन मेलांत सांगता आलं नाही ते अप्पांनी दोन वाक्यांत सांगितलं.
उठताना पाठीवर थाप. "खरखर काढली ते लई ब्येस केलं. आता कसा साफ हाय आवाज."
मी "हो" म्हणालो. का म्हणालो?

१३, शुक्र.
वाटलं, टोमणा असेल. म्हणून आज नुसती खरखर लावली. गाणं बिणं काही नाही. ट्रॅकमधे आहे त्याच्या दुप्पट. अप्पा हेडफोन सावरत बसले, माझ्या तोंडाकडं बघत.
"लाव की."
खरखर चालूच होती. अडकलंय म्हणालो, अन् बंद केलं.

१४, शनि.
आई एकटी होती, मेथी निवडत. सांगितलं. हात थांबला नाही तिचा.
"ठावं हाय मला. दोन वर्षं झाली. मोबाइल वाजला की मीच न्हेऊन हातात देते."
"मग बोलली का नाहीस? डॉक्टरला दाखवलं असतं."
"काय बोलू? तुझ्या बापाचा सगळा रुबाब कानावर. त्यांना वाटतं, लोकच हळू बोलाया लागलेत."
बाहेर येऊन रडलो थोडं. मला काउंटरखालचे दिवस हवे होते, अन् ते ज्या खरखरीत आहेत ती त्यांनाच… जाऊ दे.

१५, रवि. महाशिवरात्र.
उपास. पुण्याला पाठवायचा फॉर्म भरत बसलो, अप्पा शेजारी. ट्रॅकची नावं झाली. खाली श्रेय लिहायचा रकाना.
म्हटलं, "अप्पा, क्रम तुम्ही लावला. नाव टाकतो तुमचं."
लई खूश. मग जरा विचार करून म्हणाले, "क्रम कुणी बी लावंल. असं लिही: आवाज साफ करणार." अन् पूर्ण नाव सांगितलं, आज्याच्या नावासकट.
अल्बम लावला की पहिल्या सेकंदाला खरखर. अन् खाली हे नाव. लोक हसतील. काढली तर अल्बम मोडतो. ठेवली तर त्यांना सांगावं लागतं, अन् सांगायचं म्हणजे कानाचंच सांगायचं. मुदत उद्याची.
टाइप केलं. अप्पांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं. माझं बोट बटणावर तसंच.
"दाब की," म्हणाले. "वाट कुणाची बघतो?"