उदयसिंहला सेरकानीतच राहू द्यावे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, सोलापूर

अर्जदार : वैजयंती हरिबा उबाळे, रा. कुर्डुवाडी, ता. माढा

विषय : मुलाचे पार्थिव इराकमधून आणण्याची कार्यवाही थांबवणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ६ मे २०२४ चा अर्ज.

महोदय,

वरील अर्ज मी मागे घेत आहे. कारण लेखी द्यावे लागते असे समजले, म्हणून लिहीत आहे.

माझा मुलगा उदयसिंह चिंचोळी एमआयडीसीत वेल्डर होता. तेथून तो इराकच्या कुर्दिस्तान भागात विजेचे टॉवर उभारण्याच्या कामावर गेला. सेरकानी नावाच्या कुर्दी खेड्यात नर्गिस नावाच्या बाईंच्या घरी राहत असे. डोंगरउतारावर दगडी घरे, अक्रोडाची झाडे, मेंढरे. हिवाळ्यात वाट बंद. फोनवर म्हणायचा, "आई, हितं लई थंडी हाय, पर माणसं आपल्यासारखीच हायत."

जानेवारीत डोंगरावरचा बर्फ कोसळला, त्याखाली तो गेला. गावकऱ्यांनी पुष्कळ खणले, सापडला नाही. आम्ही वाट पाहिली. शेवटी गुरुजींच्या सांगण्यावरून दर्भाचा पुतळा केला आणि माझे यजमान हरिबा यांनी त्यास अग्नी दिला.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला तेव्हा मेंढपाळांना तो ओढ्याकाठी दिसला. रस्ता वाहून गेला होता. त्यांनी आपल्या रीतीने त्याला गावच्या कबरस्तानात पुरले. त्याच्यासोबत कामाला असलेल्या अक्कलकोटच्या गुरुशांतने नर्गिसबाईंना फोनवर आणले व त्यांचे बोलणे मराठीत सांगितले : "तुमच्यात जाळतात हे कळलं तवर उशीर झाला होता. न्यायचा असंल तर आमची माणसं काढून देतील. ठेवायचा असंल तर आमच्या घरच्यांशेजारी हाय."

तेव्हा मी आणायचे म्हणाले व अर्ज केला. परवानगी आल्याचे यजमानांना सांगितले तेव्हा ते जेवत होते. ताटातले संपवून म्हणाले, "एकदा जाळलाय की त्याला. परत कसा जाळू?" मला रडू आले नाही. मी भांडी घासली.

तरी त्यास तेथेच राहू द्यावे. आमची दोघांची संमती आहे.

आणखी एक विनंती. यापुढे कार्यालयातून फोन करायचा झाल्यास माझ्या मोबाइलवर करावा. घरच्या नंबरवर करू नये. तो यजमान उचलतात, आणि पलीकडून कोणी बोलायच्या आधीच "उदय का?" म्हणून विचारतात.

आपली विनम्र,
वैजयंती हरिबा उबाळे
दि. १४ जून २०२४

सोबत : यजमानांच्या सहीचे संमतिपत्र