बारा जणांत तू

प्रिय रोवीना,

सकाळची ओट्सची पेज वेल्डन स्वतः आणून देतो, वर साखर जरा जास्तच घालतो. तुझा नवरा वाईट माणूस नाही गं. तुरुंगातल्या शिपायांत तर लाखात एक. काल म्हणाला, “रॅन्स, गुरांमागे हिंडणारा पोरगा तू, लोकांची कोठारं कशाला जाळतोस?” मी म्हटलं, “हौस!” दोघंही हसलो. शिक्षा झाली तर वीस वर्षं हसायचंच आहे.

माझ्या वकिलाने मला काय गोड समजावलं होतं! म्हणे, सरकारी वकिलाच्या मनात आलं म्हणून टेक्ससमध्ये कोणावर एवढा मोठा खटला भरता येत नाही. आधी ग्रँड ज्युरी बसते, गावातलीच बारा माणसं. त्यातल्या नऊ जणांना पटलं तर खटला, नाहीतर घरी जा. गरिबाची ढालच ती. फक्त आपल्या वकिलाने दाराबाहेर बसायचं. “आत गेलंच पाहिजे असं नाही,” तो म्हणाला, “पण गेलास तर तोंडाला लगाम घाल.” लगामावरून आठवलं, हॉजेसच्या जळालेल्या कोठारातली ती तांबडी घोडी वाचली का गं? माझ्या हातून सफरचंद खायची. असो.

आत गेलो तर बारा जणांत तू! निळा स्वेटर घालून, दुसऱ्या रांगेत. मला वाटलं, देव पावला.

सरकारी वकील पर्सेलने विचारलं, “कोठार पेटलं त्या दुपारी कुठे होतास?” मी तुझ्याकडे पाहिलं. तू नखावरचा रंग खरवडत होतीस. मी म्हटलं, “ट्रकमध्ये झोपलो होतो. एकटाच.” तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ तुला माहीत आहे. सांगत सुटलो, की ओलं गवत बांधून रचलं की आतून तापतं, आपोआप पेट घेतं. मी हॉजेसला बजावलंही होतं, गंजीत हात घालून बघ म्हणून. पर्सेल म्हणाला, “म्हणजे काडी न ओढता आग कशी लावायची, हे साहेबांना पाठ आहे तर!” सगळे हसले. तूही हसलीस.

वकिलाच्या हातातली कॉफी निवायच्या आत निकाल आला: खटला भरा. तुझा हात वर गेला की नाही, कोण जाणे. तिथलं मत बाहेर सांगायला तुला बंदी आहे. सोय आहे ना! पण तुला मत विचारलंय कोणी? मला साक्ष हवी होती. धूर आपण दोघांनी पाहिला, तुझ्या निजायच्या खोलीतून. उशीवर कोपर टेकून तू म्हणालीस, “कोणाचं तरी गवत गेलं वाटतं,” आणि पडदा ओढलास.

पर्सेलपुढे मी तुझं नाव घेतलं नाही. पुढे कोर्टातही घेतलं नसतं, पण तुझं ते हसू काही केल्या कानातून जात नाही. म्हणून हे पत्र. इथून बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट आधी फोडून वाचतात, आणि ते काम कोणाकडे आहे हे तुला मी सांगायला नको. वेल्डन, भल्या माणसा, तुझ्या पलंगामागे भिंतीच्या फटीत माझी खाकी टोपी पडलीय. आत नाव आहे. तेवढी काढ, आणि मग हे तिला दे.

तुझाच, आता उघडपणे,
रॅन्स