सदतीस नंबरच्या पुलाखाली

१४ ऑक्टोबर

प्रिय बेरिल,

तुझ्या डेरेकचा गुडघा आता बरा असेल. तू पाठवलेला फ्रूटकेक पोचला, पण रेज गेल्यावर एकटीसाठी काय कापायचा म्हणून डब्यातच आहे. फोनवर तू रडायला लागतेस आणि मलाच तुझी समजूत काढावी लागते, म्हणून लिहायला बसले.

इंजिनचा पार्ट अजून आलेला नाही, त्यामुळे बोट तिथेच, कालव्यावरच्या सदतीस नंबरच्या पुलाखाली आहे. बोटवाल्यांच्या ग्रुपवर तुझी नवी सूचना वाचली. ‘इथे थांबू नका. टोळक्याने खुंट उपटले, आपला रेज बुडाला.’ किती जणांनी ती पुढे पाठवली. पूर्वी इथे चार-पाच बोटी लागलेल्या असायच्या, कुणीतरी कुणावर नजर ठेवून असायचं. टोळक्याबद्दलच्या तुझ्या पहिल्या सूचनेनंतरच कुणी थांबेनासं झालं होतं. आता तर मी एकटीच.

ती पोरं साधी नाहीत, हे मीही म्हणते. पुलावरून विटा टाकतात. आमची खिडकी फोडली, एकदा दोर कापला. रेजने नवा दोर लावला आणि बोट बांधायचे काठावरचे खुंट हातोड्याने ठोकून पक्के केले. “आता काढा म्हणावं,” म्हणाला.

तुला आठवतं, मी नवखी असताना एका थांबलेल्या बोटीजवळून जोरात गेले होते? केवढी ओरडलीस. “अगं बाई, हळू! त्यांच्या शेगडीवर किटली असेल, उलटेल!” तेव्हापासून मी कधी चुकले नाही. पण इथून हल्ली सगळे विटांच्या भीतीने सुसाट जातात. प्रत्येक बोटीसरशी आमची बोट हिसका खायची आणि ओल्या मातीतला खुंट थोडा सैल व्हायचा. रेज रोज पुन्हा ठोकायचा.

त्या दुपारी डेरेक आत होता, सुकाणू तुझ्या हातात. तू लांबूनच ओरडलीस, “अगं, इथं काय करताय? पुलावर बसलंय मेलं ते टोळकं! निघा!”

रेज काठावरून हसत म्हणाला, “निघायला इंजिन नको का, बाई?”

तू वेग वाढवलास. आमची बोट ओढली गेली, खुंट उपटून आला, आणि रेजने तो दोर धरला. सोडून द्यायचा होता, पण त्याच्या हाताला ती सवयच नव्हती. तो पाण्यात पडला आणि बोट परत काठाकडे आली, ती त्याच्यावर. तू तोवर पुलापलीकडे गेली होतीस. मागे पाहिलं नाहीस.

अ‍ॅम्ब्युलन्स पुलावरच्याच एका मुलीने बोलावली. आमची खिडकी तिनेच फोडली होती, ते मी विसरलेले नाही. पण पोलीस काल तिलाच घेऊन गेले, खुंट उपटला म्हणून. तुझी सूचना त्यांनीही वाचली आहे.

उद्या ते माझ्याकडे येतील. मी पाहिलं तेच सांगणार. त्याआधी ग्रुपवर तू स्वतः लिहिलंस तर बरं होईल. माझा तुझ्यावर राग आहे बेरिल, खूप आहे, पण तुझं नाव आधी माझ्या तोंडून निघावं असं मला वाटत नाही.

परतीला तुला इथूनच जावं लागेल. हळू ये. शेगडीवर किटली असेल.

अजूनही तुझीच,
ग्लेनिस